भिंगरीचे शेवटचे प्रश्न

३ जानेवारी

सहा वर्षांनी त्या इमारतीत गेले. दारावरच्या पहारेकऱ्याने ओळखलं नाही, वहीत सही करायला लावली. बरोबरच केलं त्याने.

काम असं आहे. दूरचित्रवाणी केंद्र नव्या जागी जाणार. तळघरातल्या जुन्या फितींपैकी खेळांच्या कार्यक्रमांच्या दोनशे बारा आहेत. त्यातल्या फक्त चाळीस नव्या यंत्रावर उतरवून घेणार, बाकीच्या मोडीत. कोणत्या चाळीस, ते मी ठरवायचं. मुदत फेब्रुवारीअखेर. साहेब म्हणाले, "तुमच्याइतकं निःपक्षपाती माणूस कुठून आणू?" साहेब माझ्या वेळी उमेदवारीवर होते आणि रोज उशिरा यायचे.

यातल्या बहुतेक फिती "बंद पेटी" या खेळाच्या. अकरा वर्षं मी त्याची पंच होते. दर फेरीला पेटीत एक नवी वस्तू. समोर चार पाहुणे, प्रत्येकाला पाच प्रश्न. सूत्रधारांनी फक्त "हो" किंवा "नाही" म्हणायचं. प्रत्येक प्रश्नाला दहा सेकंद. बाजूच्या लहान टेबलाशी मी: घड्याळ, वही आणि घंटी. वेळ संपली की एक टोल, प्रश्न नियमाबाहेरचा असला की दोन. पंचाने कॅमेऱ्यासमोर एक शब्दही बोलायचा नाही, ही सूचना माझीच होती.

घरी आल्यावर धाकटीने विचारलं, "मग त्यात भिंगरी असेल की गं?" धाकटी म्हणजे माझी बहीण. आम्ही दोघीच राहतो.

"असेल. तेवीस वेळा आला होता."

"आकडा तोंडपाठ आहे."

"मला सगळेच आकडे तोंडपाठ असतात."

तिने मान हलवली आणि भाजी चिरत राहिली. मान ज्या तऱ्हेने हलवली ते मला आवडलं नाही.

५ जानेवारी

फिती पाहण्याच्या खोलीला खिडकी नाही. एक जुनं यंत्र, दोन खुर्च्या आणि एक तंत्रज्ञ. त्याला सगळे वायर म्हणतात. तब्येतीने आता तो मुळीच वायर राहिलेला नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. पुढच्या वर्षी निवृत्त होईल. दिवसभर शेंगदाणे खातो.

पहिल्याच फितीला वाद झाला. कार्यक्रम संपताच त्याने बटण बंद केलं.

"केंद्राच्या पत्रकात लिहिलंय, प्रत्येक फीत शेवटपर्यंत चालवून पाहावी," मी म्हटलं.

"बाई, पुढे नुसतं काळं असतं. काळ्यात काय बघायचं?"

"पत्रकात शेवटपर्यंत असं आहे."

"पत्रक लिहिणारा केव्हाच वारला."

"म्हणूनच ते बदलता येत नाही."

त्याने फीत पुढे चालवली. काळंच होतं. अकरा मिनिटं आम्ही ते पाहिलं.

९ जानेवारी

भिंगरीची एकही फीत अजून हाती आलेली नाही. पण आठवणीचा घोटाळा व्हायला नको म्हणून इथे टिपून ठेवते.

तो रंगमंचावर एकट्याने कार्यक्रम करायचा. नकला, किस्से, मध्येच गाण्याची एखादी ओळ. अंगाने सडपातळ, कान मोठे. चालायचा असा की जमीन कुणाकडून उसनी आणली आहे आणि जपून परत करायची आहे. खरा रंगायचा तो मात्र आमच्याकडे, दुसऱ्याच्या खेळात, दुसऱ्याच्या नियमांत. चौथ्या खुर्चीचा हट्ट धरायचा, म्हणजे शेवटचे पाच प्रश्न त्याचे.

एकदा पेटीत छत्री होती. तिघांचे पंधरा प्रश्न लाकूड, लोखंड आणि स्वयंपाकघर यांतच खर्च झाले होते. भिंगरीने कान खाजवला. "ही वस्तू शेजाऱ्याला दिली तर परत येते का?" सूत्रधार घुटमळले, मग म्हणाले, "नाही." "छत्री," भिंगरी म्हणाला, आणि पाणी प्यायला.

दुसऱ्या वेळी आरसा. "ही वस्तू खरं बोलते का?" "हो." "मग माझ्या घरी नाही."

विनोद लिहिल्यावर मरतो हे खरं आहे. त्याचं अर्धं काम तर तो गप्प बसून करायचा. नववा सेकंद उलटेपर्यंत थांबायचा. सगळं सभागृह श्वास रोखून बसलेलं, आणि माझं बोट घंटीवर.

दोष एकच. वस्तू ओळखून झाल्यावरही तो एक प्रश्न शिल्लक ठेवायचा. उरलेला प्रश्न विचारायची मुभा होती. कुणी विचारत नसे. तो विचारायचा, आणि सूत्रधारांकडे पाठ करून मला विचारायचा. हा सरळ नियमभंग. तेवीस कार्यक्रमांत एकतीस वेळा. मी दर वेळी दोन टोल दिले आणि वहीत नोंद केली.

निकाल लागून गेलेला असायचा, त्यामुळे निकालात त्याचं नुकसान कधी झालं नाही. हेही न्यायाने लिहायला हवं.

१४ जानेवारी

आजवर एक्केचाळीस फिती झाल्या. त्या खोलीत वेळ कळत नाही. पडद्यावरची माणसं निळसर दिसतात, कडा थोड्या थरथरतात, जणू पाण्याखाली बसून प्रश्न विचारताहेत. त्यातली निम्मी आता नाहीत. एका फितीत कॅमेरा फिरता फिरता एका टेबलापाशी थांबला. तिथे ताठ बसलेली एक तरुण बाई, केस घट्ट बांधलेले. तिला मी कामावर ठेवलं असतं, एवढंच मनात आलं. मग कळलं की मीच ती.

दुपारी बाहेर आले तर रस्ताही तसाच निळसर वाटला. समोरचा माणूस सावकाश रस्ता ओलांडत होता. मी फुटपाथवर उभी राहून मनात दहापर्यंत मोजलं. का मोजलं ते सांगता येणार नाही.

१७ जानेवारी

यादीशी ताळा जुळवून पाहिला. भिंगरीच्या तेवीसपैकी चारच फिती शिल्लक आहेत.

बाकीच्या एकोणीस कुठे गेल्या म्हणून कपाटातल्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या. त्या काळी कोऱ्या फिती सहज मिळत नसत. जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा चढवत. कोणता आधी पुसायचा याचा नियम होता: ज्यात नियमभंगाची नोंद आहे तो पुन्हा दाखवता येणार नाही, म्हणून तो आधी. यादी पंचाने करून द्यायची.

एकोणीस चिठ्ठ्या, एकोणीस सह्या. सगळ्या माझ्या. अक्षर चांगलं आहे.

वायरने चिठ्ठ्या बघितल्या आणि शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे सरकवली. मी खात नाही. आज चार खाल्ले.

२१ जानेवारी

चारही फिती पाहिल्या. माझ्या हाताखालून वाचलेल्या, तेव्हा स्वच्छ असणारच. तशा त्या आहेत. भिंगरी येतो, नमस्कार करतो, पाच नेमके प्रश्न विचारतो, वस्तू ओळखतो किंवा ओळखत नाही, आणि जातो. एका फितीत तो जांभई दाबताना दिसतो. लोक भिडेखातर हसतात. हा तो माणूसच नव्हे.

तारखा जुळवून पाहिल्या. चारही वेळा मी रजेवर होते. तीनदा वडिलांच्या आजारपणात, एकदा धाकटीच्या ऑपरेशनच्या वेळी. बदली पंच म्हणून हिशेब विभागातले एक गृहस्थ बसले होते. त्यांचा दरारा माझ्यापेक्षा जास्त असला पाहिजे. त्यांच्यापुढे त्याने एकदाही नियम मोडला नाही.

हे मी वायरला म्हटलं. त्याने तोंडाकडे नेलेला शेंगदाणा परत पुडीत टाकला.

"दरारा," तो म्हणाला.

"दुसरं काय कारण असणार?"

"काही नाही बाई. दराराच असणार."

खेळात रंग नाही, म्हणून माझ्या कसोटीवर या चार फिती क वर्गात, म्हणजे मोडीत जातात. म्हणजे भिंगरी यादीत नाही. मी वर्ग अजून लिहिलेला नाही.

२४ जानेवारी

भिंगरीची भाची भेटायला आली. शाळेत शिकवते, बोलणं सरळ. मामाला तीच सांभाळते. त्याची आठवण विरत चालली आहे. नावं गेली, वर्षं गेली.

"ते चालेल हो," ती म्हणाली, "पण हल्ली तो म्हणतो, मी काही कधी विनोदी नव्हतो. लोकांनी उगाच उठवलंय. कुणी ओळखून हसलं की त्याला वाटतं, आपली फजिती करतायत. बाहेर पडायचंच सोडलंय त्याने. एक तरी कार्यक्रम दाखवता आला असता तर."

"चार आहेत."

"ते पाहिले त्याने. साहेबांनी दिले होते. बघून म्हणाला, बघ, मी सांगत नव्हतो?"

मी तिला चहा दिला. बाकीच्या फिती कुणाच्या सहीने पुसल्या हे सांगावं की नाही याचा विचार केला, आणि सांगितलं. लपवणं माझ्या स्वभावात नाही.

ती उठून जाईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही पंचबाई?" मग कप खाली ठेवून माझा चेहरा अशी न्याहाळू लागली, जशी आपण नुसत्याच ऐकलेल्या घराकडे पहिल्यांदा बघतो.

"काय म्हणायचा तो माझ्याबद्दल?"

"म्हणायचा, सभागृहात सहाशे माणसं, त्यातली पाचशे नव्व्याण्णव माझी."

२ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते.

आज पोहण्याच्या स्पर्धेची फीत आली. चुकून आमच्या प्रश्नोत्तरांच्या खेळांच्या कप्प्यात पडलेली. चाळीस मिनिटं माणसं पाण्यात इकडून तिकडे गेली. बक्षीस समारंभ झाला आणि चित्र काळं पडलं. वायर म्हणाला, "पत्रकाप्रमाणे शेवटपर्यंत ना?" चेष्टेत म्हणाला. मी म्हटलं, "हो."

काळं फाटलं. पडद्यावर आडव्या रेषा आल्या, आवाज आधी आला. लोक हसत होते. मग एक कान दिसला, मग तो सबंध.

वायर खुर्चीतून अर्धा उठला. बक्षीस समारंभ चाळिसाव्या मिनिटाला संपला. "बंद पेटी" पन्नास मिनिटांचा होता. वरून नवा कार्यक्रम चढवला तो आखूड, त्यामुळे जुन्याचं शेपूट तसंच राहिलं. इतकी वर्षं ते तिथे होतं, आणि कुणीही फीत शेवटपर्यंत चालवली नव्हती.

पेटीतून सुई निघाली होती. ती त्याने ओळखलीही होती. एक प्रश्न उरला होता. तो माझ्याकडे वळला. "बाई, सुई हरवली तर लोक शोधतात. मी हरवलो तर?"

दोन टोल.

"निर्णय कळला," तो म्हणाला. "उत्तर राहिलं."

४ फेब्रुवारी

एकोणीस चिठ्ठ्यांवर फितींचे क्रमांक आहेत. माझ्या काटेकोर अक्षरात, त्यामुळे शोधणं सोपं. बागकाम, वाद्यवृंद, दात कसे घासावेत. तळघरात पोहण्याची धरून चौदा सापडल्या. धाकटी म्हणाली, या वयात शिडीवर चढतेस. मी म्हटलं, शिडीला वय विचारायची पद्धत नाही. नंतर लक्षात आलं, हे वाक्य माझ्या वळणाचं नाही.

९ फेब्रुवारी

चौदापैकी अकरा फितींना शेपूट आहे. कुठे सहा मिनिटं, कुठे दीड. सुरुवात एकाचीही नाही. त्याचे हुशारीचे प्रश्न गेले; उरले फक्त शेवटचे, नियमाबाहेरचे. ज्यासाठी फिती पुसल्या, तेवढंच पुसायचं राहिलं.

कुलूप निघालं तेव्हा: "हे बाहेरून उघडतं की आतून, एवढंच सांगा." दोन टोल. शिटी निघाली तेव्हा काही न विचारता नुसता हनुवटीला हात लावून माझ्याकडे बघत बसला, दहा सेकंद. एक टोल. लोकांना तेवढंही पुरलं.

आणि घंटीची फीत. निर्मात्याने खोडी म्हणून माझ्यासारखीच घंटी पेटीत ठेवली होती. भिंगरीने विचारलं होतं (हे फितीत नाही, मला आठवतं), "मी या वस्तूला घाबरतो का?" "हो." ओळखली. मग पेटीतली घंटी उचलून आपल्यापुढे ठेवली, बाही सारखी केली, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आता बरोबरीचं झालं. विचारू?"

मी दोन टोल दिले. त्याने दोन दिले. मी एक दिला. त्याने थोडा विचार करून एक दिला, अगदी हळू. लोक वेडे झाले होते. त्या दिवशीची माझी नोंद मला पाठ आहे: "पाहुण्याने पंचाच्या साधनाची नक्कल केली. एक गुण वजा."

शेवटी कॅमेरा मागे सरकतो आणि सगळा मंच दिसतो. नावं सरकू लागतात. हा भाग मी कधी पाहिलेला नव्हता, कारण त्या वेळी मी खाली मान घालून नोंद लिहीत असे. बाकीचे पाहुणे उठून जाताहेत. तो बसलेलाच आहे. माझ्या टेबलाकडे तोंड करून, हात मांडीवर, परीक्षेच्या निकालाची वाट बघत बसल्यासारखा. अकराही फितींत. मी मान वर करेपर्यंत दिवे मालवतात.

वायरने घंटीची फीत मागे नेली, पुन्हा लावली. "बाई, तुमचे खांदे बघा."

मी त्याला कामाशी काम ठेवायला सांगितलं. तो जेवायला गेल्यावर ती फीत पाच वेळा पाहिली.

१२ फेब्रुवारी

काम नाही. यंत्राचा पट्टा तुटला आहे. घरी बसून होते. दुपारी डोळा लागला. स्वप्नात त्याच खोलीत होते, फक्त खोलीला खिडकी होती आणि बाहेर पाणी. कुणीतरी मला प्रश्न विचारत होतं आणि मी घंटी शोधत होते. सापडत नव्हती. घाबरायला हवं होतं, पण बरं वाटत होतं.

धाकटी म्हणाली, "कार्यक्रमाच्या दिवशी तू आरशापुढे दुप्पट वेळ घालवायचीस."

"दिव्यांखाली गबाळेपणा दिसतो."

"बदलीवर ते हिशेबवाले बसायचे, त्या आठवड्यात एक जण फोन करून विचारायचा, बाईंची तब्येत बरी आहे ना? मी सांगायचे, बरी आहे. नाव सांगायचा नाही. फक्त म्हणायचा, मग पेटी रिकामीच समजा."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, कार्यालयीन चौकशी असेल."

असं मी म्हटलेलं मला आठवत नाही. म्हटलं असेल.

२० फेब्रुवारी

साहेबांकडे जाऊन सांगितलं, अकरा शेपटं एकत्र जोडून एक फीत करायची आणि ती यादीत घ्यायची.

"बाई, कार्यक्रम म्हणजे सुरुवात हवी, निकाल हवा. हे तर उष्टं-खरकटं आहे. शिवाय प्रत्येकात नियमभंग. हा निकष तुमचाच ना?"

"माझाच."

"मग?"

"मग तो चुकीचा होता. पंचाने चुकीचा निर्णय दिला, तर तो बदलायचा अधिकारही पंचालाच असतो."

"असं कुठे लिहिलंय?"

"आता लिहून देते. आणि जागेसाठी माझी शतकी भागाची फीत काढा."

ती फीत आदर्श म्हणून नव्या पंचांना दाखवत. पन्नास मिनिटं, एकही टोल नाही. साहेबांना ती आठवत होती. "ती तर तुमची," ते म्हणाले.

"तीत काहीच घडत नाही," मी म्हटलं, आणि कागद पुढे केला. त्यांनी सही केली. त्यांच्या उमेदवारीच्या काळातही ते शेवटी सही करायचेच.

२७ फेब्रुवारी

यादी दिली. चाळीस. भिंगरीच्या फितीसमोर वर्ग अ. "नियमभंग" या रकान्यात खरा आकडा लिहिला, शेपटांत दिसतात तेवढे: चौदा. खोटं लिहिलेलं नाही. वायरने भाचीसाठी एक प्रत काढून दिली आणि म्हणाला, "तुम्हीच नेऊन द्या." मी म्हटलं, टपालाने पाठवा. तो म्हणाला, टपालाची पेटी लांब आहे.

१ मार्च

दुपारी तीनला गेले. खोलीत ऊन होतं. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत तो. कान तेवढेच आहेत, बाकी माणूस लहान झाला आहे. भाचीने सांगितलं, "मामा, केंद्रातून बाई आल्या आहेत." तो उठायला लागला. मी बसा म्हटलं. त्याने मला ओळखलं नाही, आणि मी ओळख सांगितली नाही. भाची काही बोलणार होती, तिला मी नजरेने थांबवलं.

फीत लावली. आधी तो खिडकीबाहेर बघत होता. सुईच्या वेळी लोक हसले तेव्हा पडद्याकडे वळला. कुलपाच्या वेळी म्हणाला, "हा माणूस आगाऊ आहे." शिटीच्या वेळी स्वतःच हसला. आधी बारीक, मग खुर्ची हलेपर्यंत. भाची दाराशी उभी होती, ती आत निघून गेली.

घंटीचा भाग त्याने पुढे झुकून पाहिला. कॅमेरा मागे सरकला, नावं सुरू झाली, आणि त्याचं हसणं थांबलं.

"सगळे हसतायत," तो म्हणाला. "त्या बाई नाहीत."

पंचाने बोलायचं नसतं, अशी जुनी सवय.

"त्यांना काय होतंय? खांदे हलतायत. खोकला झालाय का?"

मी वेळ घेतला. दहा सेकंदांहून जास्त घेतला असेन. घड्याळ नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "हसतायत त्या."

"नक्की?"

"नक्की."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी तिथे होते. मान खाली घालून हसत होत्या. वर बघितलं असतं तर दिसलं असतं, म्हणून बघत नव्हत्या. दर वेळी."

तो मागे टेकला. पडदा काळा झाला होता. आम्ही दोघं त्या काळ्याकडे बघत बसलो. बंद करायला कुणी उठलं नाही. उन्हाचा तुकडा त्याच्या गुडघ्यावरून माझ्या पायापर्यंत आला, तेव्हा त्याने मान वळवली आणि जुन्या सावकाश पद्धतीने, नवव्या सेकंदापर्यंत थांबून, विचारलं,

"मग तो कापलेला गुण परत मिळेल का हो, बाई?"

गुण कापल्याचं फितीत कुठेही नाही. ते फक्त माझ्या वहीत आहे, आणि त्या दिवशी मंचामागे मी त्याला तोंडी सांगितलं होतं.

मी म्हटलं, "हो."